नववी ‘ब’पुढे माझा अभिनय

नाटकाचा तास माझ्या गळ्यात पडला तो माझ्या आवाजामुळे. अभिनयाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, “बाई, यंदापासून नववीला आठवड्यातून एक तास नाट्य. वरून पत्र आलंय. तुम्ही घ्या.”

“मीच का, सर?”

“तुम्ही दुसऱ्या मजल्यावर कविता शिकवता, ती मला इथं खाली बसून पाठ झालीय.”

यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मला अजून कळलेलं नाही. मी कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत चोवीस वर्षं मराठी शिकवते. माझा आवाज मोठा आहे, हे मान्य. पण आवाज मोठा असणं आणि नाटक येणं यांत फार अंतर आहे. ते मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं ते वेगळंच. “कॉलेजमध्ये काम केलंय मी, सर,” असं म्हणून मोकळी झाले.

काम केलं होतं हे खरं. एका एकांकिकेत मी मोलकरीण होते आणि मला एकच वाक्य होतं, “बाईसाहेब, पाव्हणे आलेत.” ते वाक्य मी महिनाभर घोकलं होतं. घरात घोकलं, नळावर घोकलं, एसटीत घोकलं. प्रत्यक्ष प्रयोगात मी ते इतक्या उत्साहानं आणि इतक्या आधी म्हटलं, की पाव्हणे तेव्हा विंगेत मिशी चिकटवत होते. बाईसाहेब म्हणाल्या, “आत पाठव.” मी विंगेकडे पाहिलं. कुणी आलं नाही. बाईसाहेबांनी पुन्हा म्हटलं, “पाठव की गं.” शेवटी मीच, “ते चप्पल काढतायत,” असं दुसरं वाक्य स्वतःच्या मनानं घातलं. त्या एकांकिकेला बक्षीस मिळालं नाही. माझी नाट्यक्षेत्रातली कारकीर्द ही एवढीच.

शाळेनं मला तीन दिवसांच्या शिबिराला पुण्याला पाठवलं. शिबिर घेणारे गृहस्थ पायात काही घालत नव्हते आणि फार हळू बोलत. त्यांनी आम्हां चाळीस शिक्षकांना जमिनीवर झोपवलं, उठवलं, आरसा व्हायला लावलं, वारा व्हायला लावलं. दुसऱ्या दिवशी झाड व्हायला लावलं. मी वडाचं झाड झाले आणि पारंब्या म्हणून दोन्ही हात सोडून उभी राहिले. मला गहिवरून आलं. माझ्या शेजारी जळगावचे एक पीटीचे सर निवडुंग होऊन उभे होते, त्यांना काही गहिवर आल्याचं दिसलं नाही. मी मात्र कोल्हापूरला परतताना गाडीतच ठरवून टाकलं, की या पोरांना मी बदलून टाकणार.

पहिल्या तासाला बाकं मागे सरकवली, बावन्न मुलामुलींना उभं केलं आणि शिबिरातल्या गृहस्थांसारखं हळू आवाजात म्हटलं, “डोळे मिटा. आता तुम्ही एक झाड आहात.”

मागून आवाज आला, “बाई, ऐकू येईना!”

माझ्या आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी मूळ आवाजात पुन्हा सांगितलं.

“कसलं झाड, बाई?”

“कुठलंही. तुमच्या मनातलं.”

“ऊस चालंल?”

“ऊस झाड न्हाय, गवत हाय,” दुसऱ्यानं डोळे मिटूनच सांगितलं. “सायन्सच्या सरांनी सांगितलंय.”

“चालेल,” मी म्हटलं. आणि तिथंच चूक झाली. निम्मा वर्ग ऊस झाला. ऊस होण्यात काय अडचण होती? सरळ उभं राहायचं, झालं. दोन मिनिटं सगळं शांत होतं. शिबिरातला गहिवर मला पुन्हा येऊ घातला होता, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “तोड आली रे!” आणि खिडकीजवळची चार पोरं ऊस व्हायची सोडून ऊसतोड करणारी झाली. पहिल्या रांगेचा ऊस धडाधड जमिनीवर पडला. मागचा ऊस त्याच्यावर पडला. एकजण ट्रॅक्टर झाला आणि पडलेल्या उसाला पाय धरून दाराकडे ओढायला लागला. त्याच दारात शेजारच्या वर्गाच्या बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला विचारलं, “भूकंप?”

“नाट्य,” मी म्हटलं.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, तो वर्षातला उत्तम तास होता. पोरांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं होतं, कुणी सांगितलेलं नसताना केलं होतं आणि सगळ्यांनी मिळून केलं होतं. पण तेव्हा मला एवढंच दिसलं, की माझं ऐकलं गेलं नाही. म्हणून पुढच्या तासापासून मी शिस्त आणली, आणि शिस्तीची सुरुवात माझ्या आवडत्या विषयापासून केली. भाषेपासून.

फळ्यावर एका बाजूला हाय, न्हाय, व्हय, आलतो, गेलतो असे शब्द लिहिले. त्यांच्यावर काट मारली. दुसऱ्या बाजूला शुद्ध रूपं लिहिली. “रंगमंचावर उभं राहायचं तर भाषा स्वच्छ पाहिजे,” असं सांगितलं. पोरं समजूतदार. त्यांनी ते लगेच पाळलं, आणि पुढचे दोन महिने माझ्या तासाला बातम्या दिल्यासारखी नाटकं झाली. आईचं काम करणारी मुलगी पोराला म्हणायची, “बाळा, तू अद्याप झोपेतून उठला नाहीस.” पोरगं म्हणायचं, “हो माते, मी आता उठत आहे.” एका प्रसंगात दोन शेतकरी बांधावरून भांडत होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “आपण माझी हद्द ओलांडली आहे, हे योग्य नाही.” त्या पोराचे चुलते बांधाच्या भांडणासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते, हे मला शिक्षक-खोलीत कळलं होतं. बांधावर काय बोलतात ते माझ्यापेक्षा त्याला नक्की जास्त ठाऊक होतं. पण माझ्या फळ्यावर त्यातल्या प्रत्येक शब्दावर काट होती.

या सगळ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी काहीच करत नव्हती. ती हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं यायची. घरी म्हशी होत्या. हजेरीला ती ‘हजर’ असं ओठांनी म्हणायची, आवाज निघायचा नाही. नाटकाच्या तासाला ती भिंतीला टेकून बघत बसायची. मी तिला दोनदा पुढे ओढलं, दोनदा ती दगडासारखी उभी राहिली. मी प्रगतिपुस्तकात लिहिलं, ‘सहभाग कमी’. चोवीस वर्षांच्या अनुभवाचं हे असं सार निघालं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी शिबिराच्या कागदांतून नवीन खेळ काढला. एका बाजूचा फोन. एकजण फोनवर बोलतो, पलीकडचं कुणालाच ऐकू येत नाही, आणि बघणाऱ्यांनी ओळखायचं, की पलीकडे कोण आहे आणि काय घडलंय. सोपा वाटतो. मी म्हटलं, आधी मी करून दाखवते. पर्समधून मोबाइल काढला, कानाला लावला आणि सुरू केलं.

“हॅलो! कोण? काय? अपघात? कधी? कुठे? अरे देवा! मी लगेच निघते!”

वर्ग गप्प होता. मला वाटलं, हेलावलाय. मग पहिल्या बाकावरचा एकजण अगदी नम्रपणे म्हणाला, “बाई, समोरच्याला जरा बोलू द्या की.”

सगळे हसले. मीही हसले, पण ते हसू कसं होतं ते पोरांना दिसलंच असणार. त्यानं सांगितलं ते अगदी बरोबर होतं. मी तीन सेकंदांत पाच प्रश्न विचारले होते आणि पलीकडच्या माणसाला एकाचंही उत्तर देऊ दिलं नव्हतं. मी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी इतकी थांबत गेले, की मागून कुणीतरी म्हणालं, “रेंज गेली.”

आणि तेवढ्यात माझ्या हातातला मोबाइल खरंच वाजला.

पडद्यावर ‘अव्वा’ असं नाव होतं. माझं माहेर गडहिंग्लजचं, तिकडे बऱ्याच घरांत कानडी चालीनं आईला अव्वा म्हणतात. ती शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाही. म्हणून मी वर्गाकडे अर्धी पाठ केली आणि उचलला.

“काय गं अव्वा? … शाळंत हाय. … व्हय, तासच चाललाय, बोल. … कुणी सांगितलं तुला? … न्हाय गं, डोळा बाहेर काढत न्हाईत. … ती काय डॉक्टर हाय? … वैनी काय म्हणती? … मग वैनीला घेऊन जा की. … अगं रडतीस कशाला? … न्हाय न्हाय, मी येतो की. … रविवारी येतो. … येतो म्हटलं न्हवं! … जेवलीस का? … बरं. ठेव.”

फोन ठेवला आणि वळले, तर टाळ्या. अशा टाळ्या मला शाळेत कधी पडल्या नव्हत्या, पंधरा ऑगस्टच्या भाषणालासुद्धा. काही पोरं बाकावर हात आपटत होती. “लई भारी, बाई!” “आता कसं खरं वाटलं!”

प्रामाणिक माणसानं अशा वेळी सांगितलं असतं, की बाळांनो, हा माझ्या आईचा फोन होता. मी घसा साफ केला आणि म्हणाले, “तर असा करायचा असतो हा अभ्यास.” रिंग वाजली ती पोरांना मीच वाजवल्यासारखी वाटली असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. अभिनयाच्या पहिल्या टाळ्या कोण परत करतं?

त्याची शिक्षा लगेच मिळाली. खेळाचा दुसरा भाग ओळखण्याचा होता. मी खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिले आणि विचारलं, “पलीकडे कोण आहे?”

“आई!”

“काय झालंय?”

“डोळ्याचं ऑपरेशन हाय. मोतीबिंदू.”

“आई घाबरलीय. कुणीतरी तिला सांगितलंय, डोळा बाहेर काढत्यात म्हणून.”

“शाब्बास,” मी म्हटलं. इथं थांबायला हवं होतं. पण शिबिराच्या कागदावर पुढचा प्रश्न छापलेला होता, तो मी विचारला. “आता सांगा, फोनवर बोलणारी ही बाई कशी आहे?”

मग जे सुरू झालं ते मी खडू हातात धरून ऐकत राहिले.

“शिकलेली हाय. पण घरात ‘येतो’ म्हणती, बाहेर ‘येते’ म्हणत असणार.” आमच्या बाजूला बायका स्वतःबद्दल बोलताना येतो, जातो असंच म्हणतात. मी ते कॉलेजच्या पहिल्या वर्षी सोडलं होतं, असं मला वाटत होतं.

“तिला घाई हाय. आई रडायला लागली तवाच जरा ऐकलं तिनं.”

“वैनीवर ढकलतीया.”

“जेवलीस का असं विचारलं, ते फोन ठेवायचा होता म्हणून. आमचे काका पण असंच विचारत्यात.”

“वाईट न्हाय ती,” एक मुलगी म्हणाली. तिचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. “पण तिला वाटतं आपल्याला सगळं येतं.”

मी म्हणाले, “तसं नसेल कदाचित. कदाचित तिला कामं असतील. वर्षभर रजा मिळत नसेल.”

“असंल,” पहिल्या बाकावरचा म्हणाला, “पण ते तुमच्या बोलण्यात आलं न्हाय, बाई. जे बोलण्यात आलं तेवढंच धरायचं, असं तुम्हीच सांगितलंय.”

सांगितलं होतं. मी फळ्याकडे वळून उगाचच ‘मोतीबिंदू’ असा शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. तेव्हा शेवटच्या बाकावरून एक आवाज आला. आधी मला कळलंच नाही कुणाचा, कारण तो मी ऐकलेलाच नव्हता.

“ती रविवारी जात न्हाई.”

सगळे वळले. हातकणंगल्याची मुलगी भिंतीला टेकून बसली होती तशीच होती.

“का बरं?” मी विचारलं. “ती येतो म्हणालीय.”

“तीनदा म्हणाली,” ती म्हणाली. “येणारं माणूस एकदाच सांगतंय.”

तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी वाचले. शिक्षक-खोलीत जाऊन पाण्याची बाटली तोंडाला लावली. खरी गोष्ट अशी, की अव्वाला मी गेले तीन रविवार ‘येतो’ म्हणत होते. एका रविवारी पेपर तपासायचे होते. दुसऱ्या रविवारी हळदीकुंकू होतं. तिसऱ्या रविवारी काही नव्हतं, मी झोपले होते. जायचं नव्हतं असं नाही. गडहिंग्लजला गेलं की अव्वा, भाऊ, वैनी सगळे मला घरातली शहाणी समजून निर्णय विचारतात, आणि मला तिथं शहाणी व्हायचा कंटाळा येतो. पण हे एका चौदा वर्षांच्या पोरीला भिंतीला टेकून दिसावं, हे मला झोंबलं. रागच आला. त्या रागापोटी मी रविवारी सकाळी साडेसहाच्या गाडीत बसले. आईच्या मायेपोटी गेले असं लिहायला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. त्या पोरीला खोटं पाडायला मी गेले.

घरी पोचले तेव्हा अव्वा दारालगतच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होती. मला बघून म्हणाली, “आलीस? मला वाटलं पुढच्या रविवारी येशील.” म्हणजे तीही ओळखूनच होती.

चहा झाल्यावर मी तिला समजवायला बसले. मोतीबिंदू म्हणजे काय, भिंग म्हणजे काय, ते गढूळ कसं होतं, सगळं मुद्देसूद सांगितलं. डोळ्याची आकृती काढायला कागद मागितला. अव्वा मान हलवत होती आणि शेंगा फोडत होती. सांगून झाल्यावर मी विचारलं, “आता भीती गेली?”

“न्हाय,” ती म्हणाली. “शेजारची म्हणती, डोळा काढून बशीत ठेवत्यात, धुत्यात आणि परत बसवत्यात. माझा बसवताना उलटा बसला तर?”

वैनी दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसली. ते हसू बघून मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, “वैनी, इकडं या. तुम्ही अव्वा व्हा. मी डॉक्टर.”

वैनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या क्षणी ती अव्वा झाली. मला जे शिबिरात तीन दिवसांत जमलं नव्हतं ते तिला पदर खोचेपर्यंत जमलं. जरा वाकली, एक डोळा बारीक केला, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाटेवर आडवी झाली आणि म्हणाली, “डॉक्टरसाहेब, बशी कुठं हाय तुमची?”

अव्वाच्या हातातली शेंग तशीच राहिली. “मी अशी कण्हतो?” असं म्हणाली आणि खदखदून हसली.

मी डॉक्टर झाले. डोळ्यात थेंब घातले, तोंडावर स्वच्छ रुमाल टाकला, “आता काय दिसतंय?” असं विचारलं. वैनी म्हणाली, “उजेड दिसतोय. दुखंना काय. झालं का न्हाय? मला म्हशीला पाणी दाखवायचंय.” मी म्हटलं, “झालं. दहा-पंधरा मिनिटांचं काम.” तेवढ्यात अव्वा उठली.

“सरक. तुला डॉक्टर व्हायला येईना. मी होतो डॉक्टर.”

मला सरकावून ती वैनीच्या उशाशी बसली. दवाखान्यात पहिल्यांदा तपासायला गेली तेव्हा त्या डॉक्टरांना तिनं नीट बघून ठेवलं असणार, कारण चष्मा नाकावर आणायची त्यांची लकब तिनं तशीच्या तशी केली. मग वैनीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, “आजी, घाबरायचं न्हाय. एवढी नातवंडं झाली, घर बांधलं, आणि एका डोळ्याला भिताय व्हय? मी हाय न्हवं हितं.” मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तू हायस न्हवं त्या दिवशी?”

“आहे,” मी म्हटलं. एकदाच म्हटलं.

मी दोन दिवस रजा टाकली. ऑपरेशन सुखरूप झालं. अव्वा आत जाताना नर्सला म्हणाली, “बशी लागणार न्हाई, मला ठाऊक हाय,” आणि नर्स गोंधळात पडली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आता मला निरखून बघून ती काहीतरी मायेचं बोलेल, म्हणून मी तिच्यासमोर जाऊन बसले. अव्वानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “केसाला कसला रंग लावलाईस गं? विटकरी दिसतोय.”

कोल्हापूरला परत आले तेव्हा मनाशी ठरवलं होतं, की पोरांना खरं सांगायचं. पुढच्या तासाला टेबलाला टेकून उभी राहिले आणि सांगून टाकलं, की तो फोन खरा होता, ती माझी आई होती, मी तुमच्या टाळ्या फुकट घेतल्या. बोलताना माझा आवाज जरा भरून आला. तो भरून यावा अशी माझीही थोडी इच्छा होती.

वर्गात कुणी आश्चर्य दाखवलं नाही. पहिल्या बाकावरच्यानं खाली बघितलं. शेवटी एकजण म्हणाला, “ठाऊक होतं, बाई.”

“काय ठाऊक होतं?”

“फोन वाजल्याला ऐकला की आम्ही. आणि तुम्हाला तसं बोलायला…” तो अडखळला.

“तसं बोलायला काय?”

“अ‍ॅक्टिंगमध्ये आलं नसतं,” शेजारच्यानं वाक्य पुरं केलं.

“मग टाळ्या कशाला वाजवल्या?”

मग मागून हातकणंगल्याची मुलगी म्हणाली, “तुमचा चेहरा पडला होता. काय बोलायचं कळंना, म्हणून वाजवल्या. मग तुम्ही म्हणाला, की हा अभ्यास होता. मग आम्ही पण तसंच धरलं.”

मला आधी हे नीट उमगलं नाही. उमगलं तेव्हा मी टेबल सोडून खुर्चीत बसले. म्हणजे त्या दिवशी एक्कावन्न पोरं ‘ती बाई’, ‘ती बाई’ करत माझ्याबद्दल माझ्या तोंडावर बोलत होती, मला अवघडू न देता, कुणीही न हसता, कुणीही एकमेकांना कोपर न मारता. एक मुलगा त्या दिवशी गैरहजर होता, नाहीतर बावन्न. जूनपासून ज्यांना मी अभिनय येत नाही म्हणून ओरडत होते, त्यांनी सलग वीस मिनिटं अभिनय केला होता. आणि वर्गात त्याला फसलेलं माणूस एकच होतं.

त्यानंतर मी काही फार बदलले नाही. आवाज तेवढाच आहे. पण फळ्यावरची काट पुसली. “घरी बोलता तसं बोला,” एवढंच सांगितलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसायला लागले. हे अवघड होतं. पहिले काही तास मी तोंडात लवंग धरून बसायचे, म्हणजे मध्ये बोलणार नाही. बांधावरचं भांडण पुन्हा झालं, तेव्हा ते इतकं खरं झालं, की एक शब्द तर मला खोकून बुजवावा लागला. मराठीच्या पेपरात पोरं शुद्धच लिहीत होती. त्यांना दोन्ही येत होतं. दोन्ही एकत्र चालत नाही असं मलाच वाटत होतं.

आता कधीकधी नवीन शिक्षक मला विचारतात, की नाटकाच्या तासाला काय करून घेता? मी चार खेळ सांगते, आरसा, फोन, एक खुर्ची आणि दोन माणसं वगैरे. कुणी नुसतं बघत बसलं तर बसू द्या, असंही सांगते. पण करून दाखवू नका हे सांगायला धजत नाही. आपण करून दाखवलं नाही तर पोरांना ‘समोरच्याला बोलू द्या’ असं सांगायची संधी कशी मिळणार, असा विचार मनात येतो.

त्याच वर्षी जानेवारीत स्नेहसंमेलनाला नववी ‘ब’नं वीस मिनिटांचं नाटक केलं. दवाखान्याबाहेर थांबलेल्या माणसांचं होतं. कुणी लिहिलेलं नव्हतं, पोरांनीच जमवलं होतं. तालमीत टिपलेल्या वाक्यांची वही घेऊन मी विंगेत उभी होते, कुणी अडलं तर सांगायला. कुणी अडलं नाही. एकदा सवयीनं मी पुढचं वाक्य मोठ्यानं सांगितलं. ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं आणि ते वाक्य एवढ्यात येणारच नव्हतं. स्टेजवरच्या म्हाताऱ्यानं विंगेकडे बघून, “सिस्टर, जरा हळू बोला, आत पेशंट हाय,” असं म्हणून ते सावरून घेतलं. सभागृह हसलं. हातकणंगल्याची मुलगी त्यात चहावाली होती. तिची एकही ओळ ठरलेली नव्हती. ती किटली घेऊन प्रत्येकापाशी जायची, त्याचं ऐकायची आणि जाताना एखादं वाक्य टाकायची. लोक तिच्या यायची वाट बघायला लागले.

मुख्याध्यापकांनी नंतर मला बाजूला घेतलं. “चांगलं झालं, बाई. भाषा जरा…”

“हो सर,” मी म्हणाले, “भाषा त्यांची होती.” त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकात नाट्याच्या तासासमोर माझंच नाव होतं.

लोक पांगत होते तेव्हा एक बाई गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या. नऊवारी लुगडं, हातात जेवणाचा रिकामा डबा. “तुम्हीच व्हय नाटकाच्या बाई? त्या चहावालीची आई मी.”

मी हात जोडले. मनात शब्दांची जुळवाजुळव सुरू झाली होती. गुणी आहे मुलगी, निरीक्षण चांगलं आहे, पुढे जाईल असं काहीतरी.

“आमची पोरगी लई बोलाय लागलीय घरात,” त्या म्हणाल्या. “आजीला बोलती, बापाला बोलती. काल मला म्हणाली, आई, तू हसतीस तवा तुला हसू आल्यालं नसतंय. आता असं कुणी तोंडावर बोलतंय व्हय? आमच्यात ह्याची सवय न्हाय कुणाला.”

“मग, खरं होतं का ते?” मी विचारलं.

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. “आता खरं-खोटं ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या. “तुम्ही बोलायला शिकवलासा, चांगलं केलासा. आता गप्प कसं बसायचं तेवढं शिकवा.”

मी त्यांना सांगितलं, की ते मला चोवीस वर्षांत जमलेलं नाही. बाईंनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, आणि मग त्यांना खरंच हसू आलं.